चौथी हाक

आमच्या गावात नावांचा दुष्काळ आहे, असं बाहेरून आलेली माणसं म्हणतात. नव्या सुना तर पहिले पंधरा दिवस नुसत्या गोंधळलेल्या असतात. सोनारीचा काळभैरव आम्हाला जवळ. ज्या घरात मूल उशिरा होतं, किंवा होऊन जगत नाही, त्या घरानं देवाला नवस बोलायचा आणि मुलगा झाला की देवाचंच नाव त्याला ठेवायचं, ही इथली रीत. देव एक आणि नवस करणारी घरं अनेक. मग एका गल्लीत चार जण एकाच नावाचे झाले तर त्यात देवाचा काय दोष?

ते नाव मी इथं लिहिणार नाही. लिहायला बसल्यापासून दोनदा प्रयत्न करून बघितला, हात जात नाही. वाचणाऱ्यानं ओळखलं तरी चालेल, माझ्याकडून मात्र होणार नाही.

आमच्या गल्लीत ते चौघं होते. एक शिकून मास्तर झाला. एक एसटीत कंडक्टर लागला. एक मेंढरं राखतो, त्याचा बाप राखायचा आणि आज्जाही. आणि चौथा माझा धाकटा भाऊ. स्टँडजवळ त्याचं पत्र्याचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो भरून द्यायचा, म्हणजे आतली जळकी तार काढून तांब्याची नवी तार गुंडाळायचा. उन्हाळ्यात मोटार जळाली की शेतकरी वैद्याकडं यावं तसा घाईघाईनं त्याच्याकडं यायचा. गाव या चौघांना मास्तर, कंडक्टर, मेंढरंवाला आणि मोटारवाला म्हणायचं. नुसतं नाव घेऊन आमच्या गावात कुणाचंच काम होत नाही. कुरिअरवाला पार्सल घेऊन आला की चारही घरं फिरायचा. एकदा मास्तरांची पुस्तकं मेंढरंवाल्याच्या वाड्यावर जाऊन पडली. त्यानं पुडकं फोडलं, उलटसुलट करून बघितलं आणि मास्तरांना निरोप धाडला, ‘तुमची मेंढरं इकडं आलीत, हाकून न्या.’

नुसतं नाव घेणारी गल्लीत एकच बाई होती, माझी आई. तिन्हीसांजेला ती उंबऱ्यात उभी राहायची आणि भावाला हाक मारायची. शेवटचं अक्षर लांबवायची, मध्येच आवाज थोडा खाली आणायची आणि पुन्हा वर न्यायची. तेव्हा ही चौघं पोरं गल्लीत खेळत असायची. आईची हाक आली की चौघं एकदम ‘ओ’ द्यायचे. मुद्दाम. आई कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "ज्याला भूक लागलीय त्यानं यावं." आणि भूक चौघांनाही लागलेली असायची. मला वैताग यायचा, कारण जास्तीच्या भाकरी थापायच्या त्या मला. मेंढरंवाला त्यांच्यात थोरला, चौथीतूनच शाळा सोडलेला, तो एकटाच दोन भाकरी खायचा. आई त्याला तिसरी वाढायची.

मी भावापेक्षा बरीच मोठी. आमच्या दोघांच्या मधली दोन लेकरं आईच्या हाती लागली नाहीत. मग तिनं सोनारीला जाऊन पदर पसरला आणि हा झाला. वडील लवकर गेले, तेव्हा तो शाळेत होता आणि माझं लग्न ठरत होतं. मी नर्स झाले, कळंबला गेले, संसारात पडले. आईजवळ तोच राहिला. त्याच्यासाठी मुली बघणं चाललेलं होतं. मोटारी भरणाऱ्याला कोण मुलगी देतं, असं तो हसून म्हणायचा, पण ते ऐकून आईला रात्रीचं जेवण जायचं नाही.

आता आमच्या गल्लीतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेजारच्या गावात सांगितलं तर लोक हसतात, म्हणजे ती आमचीच असावी. एका नावाच्या माणसांपैकी एक जण गेला, की त्याच्या आईच्या कानावर पडेल असं ते नाव वर्षभर कुणी घ्यायचं नाही. उरलेल्यांनासुद्धा त्या नावानं हाक मारायची नाही. याला ‘नाव झाकणं’ म्हणतात. वर्ष भरलं की श्राद्धाच्या दिवशी उरलेले सगळे गल्लीच्या कोपऱ्यावर उभे राहतात. आई उंबऱ्यात येते आणि जितके होते तितक्या वेळा हाक मारते. एकेका हाकेला एकेकानं ‘ओ’ द्यायची, आत यायचं आणि ताटावर बसायचं. शेवटची हाक गेलेल्याची. तिला ‘ओ’ येत नाही. ते ताट मग गाईपुढं ठेवतात. एवढं झालं की नाव उघडलं. पुन्हा कुणीही घ्यावं, नव्या लेकराला ठेवावं.

आणि तिनं हाक मारलीच नाही, तर ती जिवंत असेपर्यंत नाव झाकलेलंच. तिला विचारायचं नाही, आग्रह करायचा नाही. माझ्या लहानपणी वेशीजवळ एक म्हातारी होती, तिनं कधीच हाक मारली नाही. तिच्या लेकाच्या वर्षश्राद्धाला पोरं कोपऱ्यावर उभी राहून उन्हं उतरल्यावर परत गेली, असं आई सांगायची. त्या वेळी आईला त्या म्हातारीचा राग आलेला होता. ‘लोकाच्या लेकरांची नावं घिऊन बसली,’ असं म्हणायची.

तो दिवस चैत्रातला. सोनारीची यात्रा नुकतीच झालेली. मी आठ दिवसांची रजा काढून माहेरी आलेले, कुरडया करायला. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून त्याचा चीक काढलेला होता आणि पहाटे आईनं तो शिजवला. भावाला शिजलेला गरम चीक साखर घालून फार आवडायचा. वाटी पुढं करून तो म्हणाला, "अक्का, आजून घाल. दुपारी खाईन म्हनलं तर तुमी समद्याच्या कुरडया घालून मोकळ्या व्हताव." मी आणखी एक पळी घातली. त्यानं वाटी बोटानं पुसून खाल्ली आणि दुकानाकडं गेला. त्या दिवशी त्याला दुकानातच काम होतं. एक मोटार अर्धी भरून झालेली होती.

आम्ही स्लॅबवर कुरडया घालत होतो. मी सोऱ्या दाबत होते, आई खाली पसरलेल्या धोतरावर वेटोळी नीट करत होती. ऊन चढलं तेव्हा मास्तरांच्या घरातून रडण्याचा आवाज आला. मास्तरांच्या बायकोचा. आम्ही वरून वाकून बघितलं. त्यांच्या दारात पोलीस पाटील उभे होते आणि बायका धावत होत्या.

बार्शीच्या एका दवाखान्यातून पाटलांना फोन आलेला. तुमच्या गावचा माणूस रस्त्यावर गाडीवरून पडला, दवाखान्यात आणेपर्यंत संपला. मोबाइल फुटलेला, खिशात ओळखीचा कागद नाही. ज्यांनी उचललं त्यांना त्यानं शुद्ध जायच्या आधी नाव आणि गाव सांगितलं होतं. नुसतं नाव आणि नुसतं गाव. आणि मास्तर त्या सकाळी बार्शीला दाढ काढायला गेलेले होते, गाल सुजलेला, त्यावर टॉवेल बांधलेला, गाडीवर जाताना पाटलांनी स्वतः बघितलेलं. मास्तरांचा फोन लागत नव्हता. पाटलांनी दुसरा विचार केला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही केला नसता. दवाखान्यातून असे फोन मी स्वतः केलेत. पलीकडचा माणूस विचारतो, ‘कोन, कोन?’ आणि आपण नाव सांगतो. नाव सांगितलं की झालं, असं आपल्याला वाटतं.

आई तशीच जिना उतरून धावली. हात धुवायलासुद्धा थांबली नाही. मी मागोमाग. मास्तरांच्या सोप्यात ती खाली बसली, मास्तरांच्या बायकोचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. हाताला चीक होता, तो तिच्या केसांना लागत होता. आई म्हणत होती, "रड बाई. गप नको बसू. म्या यातून गेलेली हाय. आमी हाव तुला." वडील गेले तेव्हाचं तिला आठवत असणार. तिच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. लहानपणी तिनंच वाढलेली भाकर खाल्लेला पोरगा होता तो, तिला रडू येणारच. बाहेर माणसं जीप ठरवत होती. कुणीतरी मास्तरांच्या भावाला फोन करत होतं.

बऱ्याच वेळानं दारात गाडी थांबली आणि मास्तर आत आले.

गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, बोलता येत नव्हतं. हातात औषधाची पिशवी. दारातली गर्दी बघून ते घाबरले आणि हातानंच विचारायला लागले, काय झालं म्हणून. त्यांची बायको उठली. तिनं त्यांच्या छातीवर, खांद्यावर हात फिरवून बघितला आणि ती हसली. रडता रडताच तिला हसू फुटलं आणि ते तिला थांबवता येईना. त्यात तिचा काय दोष, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण ते हसू मी तिला माफ केलेलं नाही. माझ्याच्यानं होत नाही.

मग कुणीतरी म्हणालं, "मंग कोन?"

पाटलांनी कंडक्टरला फोन लावला. त्यानं उचलला, मागं गाडीचा आवाज येत होता. मेंढरंवाला तर दारातून दिसत होता, समोरच्या माळावर कळप आणि त्याचा लाल पटका. बायका रडायच्या थांबलेल्या होत्या. एकेक करून त्या आईकडं बघायला लागल्या.

आईनं कुणाकडं बघितलं नाही. ती हाताला लागलेला चीक काढायला लागली. तो वाळला होता, त्याचे पापुद्रे निघत होते. "माझा दुकानात हाय," ती म्हणाली. "चीक खाऊन सकाळीच गेलाय." तिनं सगळा हात साफ केला, मग दुसरा हात घेतला. "तू फोन लाव गं त्याला," ती मला म्हणाली. मी लावला. बंद येत होता. बंद असल्याचं सांगणारा तो आवाज ऐकत मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले, कारण फोन खाली घेतला असता तर आईला काहीतरी सांगावं लागलं असतं.

मास्तर आईसमोर खाली बसले आणि त्यांनी तिचे पाय धरले. तोंडातल्या बोळ्यामुळं त्यांना धड रडताही येत नव्हतं. आईनं पाय मागं घेतले. "म्या इथं कशाला आलेय?" ती म्हणाली. "आमच्या घरी बसाया पायजे मला." आणि ती उठून आमच्या घरी जाऊन बसली. दुसऱ्याच्या घरी मास्तरांसाठी रडून आलेली माझी आई, तिच्या स्वतःच्या घरी मात्र दिवसभर रडली नाही.

नंतर कळलं, कुठल्याशा शेतकऱ्याच्या मोटारीला बेरिंग हवं होतं, ते आणायला तो दुकानातूनच बार्शीला निघाला होता. घरी सांगून जावं एवढं ते काम मोठं नव्हतं. जन्मभर गावानं त्याला मोटारवाला म्हटलं. रस्त्यावर पडल्यावर त्यानं आईनं ठेवलेलं नाव सांगितलं, त्याला पुढं-मागं काही जोडलं नाही. परक्या माणसांना काय जोडून सांगणार?

नाव झाकलं गेलं. कुणी कुणाला सांगायला लागलं नाही. आमच्या दारावरून जाताना मास्तर नुसते मास्तर झाले, कंडक्टर नुसता कंडक्टर. बायकांचं सोपं होतं, त्या तशाही नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मेंढरंवाल्याच्या म्हाताऱ्या आईची पंचाईत झाली. ती लेकाला नावानं हाक मारायची, आता ती ‘आरं ए’ म्हणायला लागली, आणि कळपातलं निम्मं तिच्याकडं बघायचं. गावातली माणसं हे सांगून हसायची. मला हसू यायचं नाही. दुकानातल्या मोटारी ज्याच्या त्यानं नेल्या. ती अर्धी भरलेली तेवढी राहिली. तिचा मालक आला होता, आईला बघून ‘ऱ्हाऊ द्या, मागनं नेतो’ म्हणाला आणि फिरकलाच नाही. आई अधूनमधून फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसायची.

मी महिन्या-दोन महिन्यांनी कळंबहून यायचे. बार्शीला गाडी बदलली की कधी कधी आमचाच कंडक्टर असायचा. मला अर्धं तिकीट द्यायचा आणि खाली बघत पुढं जायचा. एकदा ड्रायव्हरनं त्याला मोठ्यानं नावानं हाक मारली. माझी आई काही गाडीत नव्हती, तरी त्यानं ड्रायव्हरला हातानं गप केलं. माझ्यासाठी केलं. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि माझ्या मनात एकच आलं, चौघं होते, त्यातला आमचाच का? याला दोन भाऊ आहेत. मास्तरांना दोन मुलं आहेत. माझ्या आईकडं एकच होता आणि तोही मागून आणलेला. देवानं एकाच नावाच्या चौघांतून एक उचलायचा म्हटला, तर नीट बघून तरी उचलायचा.

दिवाळीच्या सुमाराला कंडक्टरला मुलगा झाला. लग्नानंतर खूप वर्षांनी. त्यांनीही सोनारीला नवस बोललेला होता, भाऊ जायच्याही आधी. म्हणजे नाव ठरलेलं होतं आणि तेच नाव झाकलेलं होतं. बारसं झालं नाही. पाळणा टांगला, गाणी म्हटली नाहीत. लेकराला कुणी बाळ म्हणायचं, कुणी भुऱ्या. नवसाच्या लेकराला दुसरं नाव ठेवायचं नाही आणि ठरलेलं घ्यायचं नाही.

गल्लीतल्या लेकरांना तेल लावून न्हाऊ घालायचं काम वर्षानुवर्षं आईचं. भाऊ गेल्यापासून तिनं ते सोडलं होतं. कंडक्टरची बायको बोलवायला आली नाही, तिची हिंमत झाली नाही. आईच एके दिवशी उठून त्यांच्या घरी गेली. लेकराला पायावर घेतलं आणि तेल मागितलं. त्यानंतर ती रोज जायला लागली. न्हाऊ घालताना आई लेकराशी बोलते, नाव घेऊन लाडीगोडी लावते, ते ऐकायला बायका जमायच्या. या लेकराशी ती बोलायची नाही. नुसती चोळायची, पाणी घालायची आणि गुंडाळून त्याच्या आईकडं द्यायची.

वर्ष भरत आलं तसं सगळे तिच्या तोंडाकडं बघायला लागले. विचारायचं कुणी नाही, पण तिच्या दारावरून जाताना पावलं हळू व्हायची. मी श्राद्धासाठी आले तेव्हा ती ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मी तिला स्पष्ट सांगितलं, "तू हाक मारू नकोस."

ती निवडत राहिली.

"राहू दे झाकलेलं," मी म्हणाले. "आपलं मानूस गेलंय. लोकास्नी घाई झालीय नाव वापरायची. दुनियेत दुसरी नावं काय कमी हायेत?" कळंबला मी असं बोलत नाही, पण आईसमोर आणि रागात माझी भाषा घरची होते.

"लेकरू बिननावाचं किती दिस ठिवायचं?" ती म्हणाली.

"त्यांचं ते बगतील."

"नवसाचं हाय."

"आपला बी नवसाचाच व्हता."

यावर ती थांबली. सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. बाहेर गल्लीकडं बघत म्हणाली, "म्या वर्साभरात त्याला एकदाबी हाक मारलेली न्हाय. तिन्हीसांजेला तोंडावर येती, गिळते. का, ठावं हाय? हाक मारली न्हाय म्हनून आला न्हाय, असं म्हनाया मला जागा हाय. रोज मी तेवढ्यावर दिस काढते. आन् उद्या हाक मारली, आन् त्यो आला न्हाय…"

तिनं वाक्य पुरं केलं नाही. वर्षभर माझ्या रागाला धरून मी उभी होते आणि आई एवढ्याशा जागेवर उभी होती, हे मला माहीत नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले, सूप ओढून घेतलं आणि तांदूळ निवडायला लागले. "नको मारूस," मी पुन्हा म्हणाले, पण आता त्यात राग नव्हता. मला खरंच ती जागा तिच्याकडं राहू द्यायची होती.

"त्या वेशीजवळच्या म्हातारीला म्या लई बोललेय," आई म्हणाली. "तिला ठावं असंल सारं."

श्राद्धाच्या दिवशी मी उठले तेव्हा चुलीवर पातेलं होतं आणि आई चीक हलवत होती. गहू तिनं कधी भिजवला, कधी वाटला, मला पत्ता नव्हता. त्या वर्षी आम्ही कुरडया करणार नव्हतो. वाटीभरच होता तो. तिनं वर साखर घातली आणि वाटी झाकून ठेवली.

चुलत्यांनी विधी उरकला. दुपारी ओसरीत चार ताटं मांडली. चौथ्या ताटाजवळ आईनं ती झाकलेली वाटी ठेवली. तिघं कोपऱ्यावरच्या लिंबाखाली येऊन उभे राहिले होते. मेंढरंवाला कळप घेऊन लांब चारणीला गेलेला, तो पहाटे निघून आला होता, पायांवर धूळ तशीच. कंडक्टरनं ड्यूटी बदलून घेतली होती. मास्तर सगळ्यांच्या मागं उभे होते. भाऊ गेल्यापासून ते आईच्या नजरेसमोर फारसे येत नसत, जणू त्यांनीच काही केलं होतं. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात. कंडक्टरची बायको लेकराला खांद्यावर घेऊन भिंतीच्या आडोशाला.

आई उंबऱ्यात आली. खूप वेळ ती नुसतीच उभी राहिली. चौकटीला धरलेला तिचा हात मला दिसत होता. मला वाटलं, ही परत फिरेल. फिरली असती तर मी दार लावून घेतलं असतं आणि कुणालाही एक शब्द बोलू दिला नसता.

तिनं हाक मारली. वर्षभरानं ते नाव मी आमच्या दारात ऐकलं. आवाज बसलेला होता, पण नाव नीट आलं. थोरला म्हणून मेंढरंवाल्यानं ‘ओ’ दिली, आला, आणि पटका काढून ताटावर बसला. दुसऱ्या हाकेला मास्तरांनी ‘ओ’ दिली. दारातून आत येताना त्यांनी आईकडं बघितलं आणि आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना आत ढकललं, उशीर झालेल्या पोराला ढकलावं तसं. तिसऱ्या हाकेला कंडक्टर आला. त्याची ‘ओ’ फुटली नाही, नुसते ओठ हलले.

आता कोपरा मोकळा होता. लिंबाखाली कुणी नव्हतं.

पहिल्या तीन हाका आईनं साध्या मारल्या होत्या. चौथी तशी नव्हती. ती तिन्हीसांजेची हाक होती. शेवटचं अक्षर लांबवलेली, मध्येच खाली येऊन पुन्हा वर गेलेली, शाळकरी पोराला खेळातून घरी आणणारी. भर दुपारी ती गल्लीतून शेवटच्या घरापर्यंत गेली. ओसरीत बसलेल्या कंडक्टरचं तोंड नकळत उघडलं. लहानपणी याच हाकेला ते चौघं मुद्दाम ‘ओ’ द्यायचे. मास्तरांनी पटकन त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. मेंढरंवाल्यानं पटक्याचं टोक दातात धरलं. तिघंही मान खाली घालून गप्प बसले, आणि त्यांना तसं बसलेलं बघताना माझ्या मनातला त्यांच्यावरचा राग कुठं गेला ते मला कळलं नाही.

आई वाट बघत होती. रीत म्हणून नाही, खरंच बघत होती. कपाळावर हात धरून तिनं कोपऱ्याकडं बघितलं, मग स्टँडकडून येणाऱ्या रस्त्याकडं बघितलं. एक मोटारसायकल आली आणि पुढं निघून गेली. दारातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले होते. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटत होतं, कुणीतरी ‘ओ’ द्यावी. खोटी द्यावी, चालेल.

मग तिनं हात खाली घेतला. उंबऱ्यातून आत आली. कंडक्टरसमोर थांबून म्हणाली, "लेकराचं नाव ठिवून घ्या आता. सोनारीला न्या त्याला." आणि चौथ्या ताटाजवळची वाटी उचलून तिनं माझ्या हातात दिली. चेहरा कोरडा होता.

"न्हाय यायचा त्यो," ती म्हणाली. "तू वाढ ह्यास्नी. पोरं उपाशी बसलीत."

मी वाढायला घेतलं.